'ओपन रीडायरेक्ट हा बग नाहीच' म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक दावा बराच शेअर होतोय: लॉगिन झाल्यावर साइटने युजरला भलत्याच डोमेनवर पाठवलं (यालाच ओपन रीडायरेक्ट म्हणतात) तरी तो सिक्युरिटी बग नाही, युजरने अ‍ॅड्रेस बार बघावा, आणि ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने धोक्यांच्या टॉप टेन यादीमधून हे कधीच काढलंय. मला हे अजिबात पटत नाही.

आधी अ‍ॅड्रेस बारचं बघू. लिंक बँकेच्या खऱ्या डोमेनची असते, फक्त शेवटी नेक्स्ट पॅरामीटरमध्ये (लॉगिननंतर कुठे जायचं ते सांगणारा लिंकचा भाग) दुसरी साइट घातलेली. माणूस पत्ता बघतो, डोमेन बरोबर, युजरनेम पासवर्ड टाकतो, ओटीपी पण टाकतो, इथपर्यंत सगळं खरं, आणि मग बँकेचाच सर्व्हर ३०२ (म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' असं उत्तर) देऊन त्याला नकली पानावर नेतो, तिथे लिहिलेलं असतं 'पासवर्ड चुकला, परत टाका'. पासवर्ड चुकला म्हटलं की आपण सगळे कीबोर्डकडे बघतो, वर पत्त्याकडे नाही. त्याने तर पत्ता बघितलाच होता, अजून काय करायचं बिचाऱ्याने?

ओवास्पचं म्हणाल तर २०१३ च्या यादीत हा दहावा होता आणि २०१७ ला गेला हे खरंय, पण तेव्हा त्यांनीच लिहिलंय की साधारण ८% अ‍ॅप्समध्ये हा सापडतो, फक्त एक्सएक्सई या एक्सएमएल वाचण्यातल्या बगने जागा घेतली. यादी दहाचीच असते हो.

'आम्ही नेक्स्टच्या पत्त्यावर चेक लावलाय' असं डेव्हलपर म्हणतात, हे तर सगळ्यात धोक्याचं. अमुक.कॉम ने सुरू होतं का एवढंच बघितलं तर अमुक.कॉम.तमुक.नेट आरामात पास होतं. स्लॅशने सुरू होतं का (म्हणजे आपल्याच साइटचं पान आहे का) बघितलं तर दोन स्लॅश दिले की ब्राउझर सरळ बाहेर जातो, आणि स्लॅशपुढे उलटा स्लॅश दिला तरी तेच, कारण ब्राउझर त्याला स्लॅशच समजतो. जँगो या वेब फ्रेमवर्कचा लॉगिन व्ह्यू (लॉगिन हाताळणारा कोड) होस्ट, म्हणजे पत्त्यातलं डोमेन, तपासतो तो उगाच नाही.

आणि ओऑथ ('गूगलने लॉगिन करा' सारख्या सोयीमागची पद्धत) असेल तर नुसतं फिशिंग राहत नाही. जुन्या इम्प्लिसिट फ्लोमध्ये टोकन (खात्यात प्रवेश देणारी किल्ली) पत्त्यातल्या # म्हणजे हॅशच्या पुढे येतं, आणि रीडायरेक्टच्या नव्या पत्त्यात स्वतःचा हॅश नसेल तर ब्राउझर जुना हॅश तसाच पुढे नेतो, म्हणजे टोकन थेट चोराच्या हातात. म्हणूनच २०२५ च्या आरएफसी ९७०० या ओऑथच्या सुरक्षा नियमावलीत क्लायंट (ते लॉगिन वापरणारं अ‍ॅप) आणि लॉगिन देणारा सर्व्हर दोघांनाही ओपन रीडायरेक्टर ठेवायला स्पष्ट मनाई आहे.

तुमच्या लॉगिनला नेक्स्ट असेल तर आजच त्यात //तमुक.नेट टाकून लॉगिन करा आणि कुठे पोचता ते बघा.