डावा कान मराठी

350 रुपये मोजून मी गेल्या शनिवारी घरी काय आणलं, तर जी भाषा नको होती नेमकी तीच, दोन्ही कानांत, एकदम स्वच्छ. डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहून काढतोय.

थोडक्यात सांगतो. आईला डॉक्टरांनी प्राणायाम करायला सांगितलं. यूट्यूबवर वाट्टेल तेवढे लोक श्वास घेत बसलेत, पण आईला हवी होती डोंबिवलीच्या मावशीने कपाट आवरताना काढून दिलेली व्हीसीडीच (म्हणजे व्हिडिओ सीडी, डीव्हीडीच्या आधीची), कारण मावशीला म्हणे तिनेच गुण आला. कव्हरवर ठळक अक्षरात 'मराठी + हिंदी'. लावली, तर मराठी बाई आणि हिंदी बाई दोघी एकदमच सुरू झाल्या. एक म्हणतेय 'आता सावकाश श्वास घ्या' आणि दुसरी अजून मागच्या वाक्यावर, 'धीरे धीरे साँस छोड़िए'. आईने दोघींचा मान राखायचा प्रयत्न केला, घेतलेला श्वास नक्की कोणाच्या सांगण्यावरून सोडायचा ते कळेना, चेहरा लाल व्हायला लागला तेव्हा मी प्लग काढला.

आता हा सीडीचा बिघाड नाही बरं का. व्हीसीडीचं स्टँडर्ड 1993 चं, त्यात पिक्चरबरोबर आवाजाचा एकच स्टिरिओ ट्रॅक बसतो. डीव्हीडीत 8 वेगवेगळे ऑडिओ ट्रॅक टाकायची सोय असते, व्हीसीडीत ती नाही. मग कोणीतरी डोकं लावलं की स्टिरिओ म्हणजे डावा आणि उजवा असे दोन चॅनल असतातच ना, डाव्यात एक भाषा घाला, उजव्यात दुसरी. कॅराओकेच्या सीड्याही अशाच असायच्या, एकीकडे नुसतं म्युझिक, दुसरीकडे गाणाऱ्याचा आवाज. प्लेअरच्या रिमोटवर त्यासाठी एल/आर (लेफ्ट/राइट) असं बटण असायचं, ते दाबलं की काम झालं. आमचा प्लेअर आहे, रिमोट नाही. रिमोट कधी गेला, कुठे गेला यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोघांचा संशय माझ्यावर आहे, ते सोडा. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना असत्या तर मी लाल उपटून मोकळा झालो असतो, उजवा चॅनल तिथेच खलास, पण नव्या टीव्हीला ती भोकंच नाहीत, सगळं एका एचडीएमआयमधून येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बॅलन्स शोधला. 'स्टँडर्ड', 'सिनेमा', 'क्रिकेट' सापडलं. आईला क्रिकेट मोडमध्ये प्राणायाम नको होता.

(व्हीसीडीच्या जमान्याची आठवण काढून हळवे होणारे लोक मला कळत नाहीत. मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी विकायला काढली तेव्हा आम्हीही ढिगाने घेतल्या, खोटं कशाला बोलू. पण एका सीडीत जेमतेम 74 मिनिटं. हिरोच्या आईला गोळी लागायच्या वेळेला उठून दुसरी सीडी घालायची, ती नेमकी अडकायची, मग फडक्याने पुसायची, तोवर घरातलं रडणं पार सुकून जायचं.)

तर लॅपटॉपला सीडी घालायची जागा नसल्यामुळे मी गेलो स्टेशनजवळच्या एका फोटोच्या दुकानात. बाहेर बोर्ड, 'लग्नाचे शूटिंग, कॅसेट टू पेनड्राइव्ह, ऑडिओ मिक्सिंग'. काउंटरवर बावीस-तेवीसचा पोरगा. मी म्हटलं, "इसमें दो लँग्वेज है, एक निकालना है." तो म्हणाला, "कौनसा रखना है?" "मराठी." "हो जाएगा सर, थोडा टाइम लगेगा." असं आमचं शुद्ध राष्ट्रभाषेत बराच वेळ चाललं आणि मग त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "आई, जेवायला थांबू नकोस." म्हणजे तोही मराठी, मीही मराठी, उभे ठाण्यात. हे असं का होतं माहीत नाही, म्हणजे माहीत आहे पण ते बोललं की लगेच तुम्ही अमुक पक्षाचे का असं विचारतात.

दुकानात एक काका बसले होते. पासपोर्ट फोटो काढायला आले होते आणि फोटो हातात मिळूनही त्यांचं उठायचं नाव नव्हतं, कारण दुकानात एसी होता. त्यांनी सगळं ऐकलं.

"काय प्रॉब्लेम आहे?"

सांगितलं.

"एका वेळी दोन भाषा? शक्यच नाही. रेल्वेवाल्यांना तीन भाषांत सांगायचं असतं तरी ते एकामागून एक सांगतात. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. बघू इकडे."

आणि पोराच्या डोक्यावरचा हेडफोन काढून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर चढवला. डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी एक लांब श्वास घेतला, सोडला, परत घेतला, आणि मग जाहीर केलं, "यात हिंदी नाहीच आहे!"

"आहे काका."

"नाहीये हो. स्वच्छ मराठी आहे. बाई छान बोलते. उगाच पैसे घालवताय. अरे बाळा, त्यांना परत दे सीडी."

पोराने हेडफोन घेतला, ऐकलं. "अंकल, दोन्ही आहे."

"तुझे कान तपास."

पोराने वैतागून हेडफोन परत दिला तो उलटा. त्याच्यावरची एल-आर ही अक्षरं कधीच घासून गेलेली. काकांनी घातला आणि एकदम ताठ झाले. "मराठी गेली! अरे काय केलंस तू, मराठी उडवलीस? आता नुसती हिंदी आहे! साहेब, यांनी तुमची मराठी डिलीट केली!"

"मी काही केलेलं नाही, मी माउसला हात पण लावला नाही!"

"मग गेली कुठे? आत्ता होती. माझ्यासमोर होती. मी श्वास घेतलाय तिच्या सांगण्यावरून!"

लॅमिनेशनला आलेल्या एक बाई तोवर आमच्यात सामील झाल्या आणि म्हणाल्या की हल्ली असंच करतात, सगळीकडे. काय करतात ते सांगितलं नाही, पण काकांना जोर चढला. पोरगा मेटाकुटीला येऊन विचारतोय, "काका, राइटमध्ये काय ऐकू येतंय तेवढं सांगा. राइटमध्ये."

"राइटमध्ये काही नाही."

"काही नाही कसं?"

"राइटमध्ये मला कधीच काही नसतं. उजवा कान गेलाय माझा. कॉलेजात असताना गेला."

शांतता. म्हणजे हा माणूस इतका वेळ आमच्या सीडीचा चालताबोलता एल/आर बटण होता. हेडफोन सरळ घातला की मराठी, उलटा घातला की हिंदी, आणि दोन्ही वेळा निकाल मात्र छातीठोक. वर आम्हाला ऐकवलं की गडकरी रंगायतनला ते कायम उजव्या टोकाची खुर्ची घेतात म्हणजे स्टेज डाव्या कानाकडे येतं, आणि एकदा मधली सीट मिळाली तेव्हा एक अख्खं नाटक एकपात्री वाटलं होतं. हे खरं असेल असं मला वाटत नाही पण ते इतकं सहज म्हणाले की मी हसलो, आणि तिथेच माझं लक्ष उडालं आणि तिकडे त्या पोराने, हेडफोन उलटा डोक्यावर असताना, मराठी उजव्या कानात ऐकली, राइट चॅनल ठेवला आणि लेफ्ट उडवला.

घरी जाऊन पेनड्राइव्ह लावला. 'धीरे धीरे साँस छोड़िए.' डाव्यातही, उजव्यातही.

परत गेलो. पोरगा नव्हता, मालक होते. मालक म्हणाले, "एक निकालने को बोला था, एक निकाल दिया." म्हटलं, चुकीचं काढलं, मराठी ठेवायची होती. त्यावर ते जे म्हणाले ना ते मला अजून चावतंय. "सर, दोनों सेम ही तो बोल रहे है." आणि परत करायचं तर रेंडरचे, म्हणजे नवी फाइल बनवायचे, 150 वेगळे.

दोनों सेम. बरोबर आहे, श्वास काय सेमच असतो. पण मग दोन्ही सेम असताना दर वेळी उडवायला आमचीच का सापडते? कस्टमर केअरला फोन करा, मराठीसाठी 3 दाबा म्हणतात, आपण इमानदारीत 3 दाबतो आणि पलीकडून 'जी सर, बताइए'. मग 3 कशाला ठेवलाय, शोभेला? आणि आपण पण लगेच सुरू करतो, "हां, वो मेरा बिल जो है ना". माझी आई 150 रुपयांची भाजी हिंदीत घासाघीस करून 110 ला आणते, तिला हिंदी येत नाही असा प्रश्नच नाही. पण डोळे मिटून, पाठ ताठ करून, दुसऱ्याने सांगितलं तसं आत-बाहेर करायचं असेल तर तिला ते 'श्वास घ्या' असं ऐकायचंय. सत्तरी उलटलेल्या बाईने एवढा हट्ट करू नये का?

150 दिले नाहीत. दुकानवाल्यांनी सीडीतल्या दोघींची बडबड एकत्र करून मोनो, म्हणजे एकच चॅनल, केली असती तर कायमचं संपलं असतं, कारण एकदा मोनो झालं की आवाज परत वेगळे करणं म्हणजे मिसळीतलं फरसाण कोरडं करून परत बरणीत भरणं. पण नशीब, सीडी शाबूत होती. ती घेऊन कळव्याला मेहुण्याकडे गेलो, त्याच्या जुन्या डेस्कटॉपला अजून ड्राइव्ह आहे. कळव्याचा पूल कसा पार केला ते विचारू नका. सीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात .डॅट फाइल, तोच सगळा व्हिडिओ. व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून स्टिरिओ मोड लेफ्ट केला आणि आधी खात्री केली, स्पीकरवर, हेडफोन न वापरता. मग एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने पिक्चरला हात न लावता फक्त डावा चॅनल उचलून नवी फाइल बनवली. मिनिटभराचंसुद्धा काम नव्हतं. रेंडर म्हणे.

आईने पहाटे लावली. एकच बाई, एकच भाषा. कपालभाती झाली, अनुलोम-विलोम सुरू झाला, एक नाकपुडी बंद, दुसरी उघडी, इतके दिवस हे त्या सीडीनेच आम्हाला करायला लावलं होतं. पुढे भ्रामरी. आणि भ्रामरीच्या मध्येच मराठी बाई गप्प. मला वाटलं माझी फाइल अडकली. मूळ सीडी प्लेअरमध्ये घालून बघितली तर तिथेही अर्ध्यानंतर डावा चॅनल आधी बराच वेळ नुसता कोराच सोडलाय, आणि पुढे दोन्ही चॅनलवर हिंदीच. म्हणजे मराठी डबिंग अर्ध्यावर सोडून दिलेलं. पैसे संपले असतील, नाहीतर बाईंना लोकल पकडायची असेल. कव्हरवर दोन्ही भाषा सारख्याच अक्षरांत छापल्यात, किंमत पूर्ण घेतली असणार. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "मी कुठे एवढं पुढे जायचे? मी अनुलोम-विलोमला थांबायचे."

मी तावातावाने आईला सांगितलं की उरलेल्या भागात मराठी नाहीच आहे, आता काय करायचं. तिने विचारलं, पुढे काय काय आहे. मी कव्हरवर वाचलं, शेवटी शवासन.

"त्यात काय सांगायचंय," ती म्हणाली, "नुसतं पडायचं तर आहे," आणि टीव्ही बंद करून चटईवर आडवी झाली.