'हे शोषण नव्हे, नुसतं भिजणं' या प्रतिक्रियेला उत्तर

आपला आक्षेप असा: गिनीपिगच्या श्वासनलिकेची पट्टी ट्रिशियमयुक्त, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेल्या, नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या (चेतातंतू सोडतात त्या संदेशवाहक रसायनाच्या) द्रावणात ठेवली की ती स्पंजसारखी भिजणारच, त्याला शोषण, म्हणजे पेशींनी आत ओढून घेणं, कसलं? शिवाय कोकेन घालूनही पट्टीत बरंच शिल्लक उरतं, म्हणजे चेतातंतूंचा संबंधच नाही.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. पेशींच्या फटीत साचलेलं द्रावण मोजणीत येतंच. म्हणून त्याच द्रावणात कार्बन-१४ लावलेलं इन्युलिन घालतात. ते पेशीत शिरत नाही, त्यामुळे फटींचा हिस्सा कळतो आणि वजा करता येतो. नुसतं धूत बसणं हा उपाय नव्हे, कारण स्नायूपेशीत शिरलेलंही धुण्यात बाहेर येतं. घोळ बहुधा वजनात असतो. श्वासनलिकेच्या कडीचा पुढचा भाग कूर्चेचा, स्नायू फक्त मागच्या बाजूला. अख्खी कडी तोलली की दर ग्रॅमचा आकडा उगाच पडतो. कूर्चा कापून टाका, पट्टी टिपकागदावर टिपा, मग तोला.

कोकेनबद्दल मात्र आपली गल्लत झाली आहे. पेशीत शिरायची दारं दोन आहेत. चेतातंतूचं दार कोकेन बंद करतं. स्नायूपेशीचं दार कॉर्टिकोस्टेरॉन हे स्टेरॉइड. उंदराच्या हृदयात पहिल्याचा अर्धसंपृक्ती अंक (ज्या संहतीला, म्हणजे दाटीला, दार अर्धं भरतं) सुमारे ०.२७ मायक्रोमोलर, दुसऱ्याचा सुमारे २५०. द्रावण दाट केलं की पहिलं दार भरून जातं, आणि कोकेनचा परिणाम फिका दिसणारच. तेव्हा आधी सांगा, संहती किती होती?

आत शिरणं वेगळं, टिकणं वेगळं. तंतूत ते पुटिकांमध्ये (बारीक पिशव्यांमध्ये) साठतं. रेसर्पिन (पुटिकांत साठू न देणारं औषध) दिलं की शिरतं, पण पुटिकेत जागा न मिळाल्याने एमएओ हे विकर त्याचा फडशा पाडतं. स्नायूपेशीत सीओएमटी हे दुसरं विकर त्याचं नॉरमेटानेफ्रिन करतं. ट्रिशियमची मोजणी हा फरक ओळखत नाही, म्हणून अर्क ८.५ च्या आसपास पीएच ठेवून अ‍ॅल्युमिनावर घालावा लागतो. नॉरमेटानेफ्रिन वाहून जातं, कॅटेकॉल (मूळ नॉरअ‍ॅड्रेनालिन ज्या गटातलं, ती रसायनं) त्या भुकटीला चिकटतात. पण एमएओने तोडलेले कॅटेकॉलही चिकटतात, एवढं ध्यानात ठेवा.

माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूत अनुकंपी (नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडणारे) तंतू जवळपास नसतात, हे आपलं म्हणणं बिनतोड. गिनीपिगचा तंतूंचा हिस्सा तिथे लावू नये. रक्तवाहिन्यांचं तसं नाही: श्वासावाटे घेतलेलं स्टेरॉइड अर्ध्या तासात श्वासनलिकेच्या भिंतीतला रक्तप्रवाह कमी करतं, आणि त्याचं एक कारण या दुसऱ्या, स्नायूपेशीच्या दाराला पडलेली खीळ मानलं जातं: नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेरच राहतं आणि वाहिन्या आवळतं.