खुलासा: ‘२००१’मधला टॅबलेट आणि सॅमसंगचा खटला

‘टॅबलेटचा शोध १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ चित्रपटातच लागला होता आणि तोच कोर्टात दाखवून सॅमसंगने ॲपलला हरवलं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. यातलं थोडंच खरं आहे.

सॅमसंगने २०११ मध्ये अमेरिकी न्यायालयात या चित्रपटाचा दाखला दिला होता, हे खरं. दोन अंतराळवीर जेवता जेवता सपाट पडद्यावर कार्यक्रम बघतात, तो प्रसंग. सॅमसंगने आपल्या डिझाइनची नक्कल केली, असा ॲपलचा आरोप होता; त्यावर आयपॅडचं रूप नवं नाही, हे सॅमसंगला दाखवायचं होतं. पण न्यायाधीश लुसी को यांनी २०१२ मध्ये हा पुरावा ज्यूरीपुढे येऊच दिला नाही. ज्यूरीने टॅबलेटच्या डिझाइनबाबत सॅमसंगला दोषी धरलं नाही, मात्र फोनपायी १ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली. (पुढे ती कमी झाली.) याला जिंकणं कसं म्हणायचं?

आणि ‘शोध’? सेटवर टेबलाखाली प्रोजेक्टर लपवले होते. १६ मिमी फिल्म मागून पडद्यावर पाडली जायची. ती पाटी उचलली असती, तर चित्रच गेलं असतं. खरा सपाट पडदा त्या वेळी प्रयोगशाळेत घडत होता: आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकांचा डिस्प्ले (एलसीडी) १९६८ मध्येच जाहीर केला.

चित्रपटाचे सहलेखक आर्थर क्लार्क यांचं श्रेय मात्र कुणी हिरावू नये. त्यांच्या याच नावाच्या कादंबरीतल्या ‘न्यूजपॅड’ या उपकरणावर टपाल तिकिटाएवढी बातमी निवडली की ती पडदाभर मोठी होते. आपण आज रोज तेच करतो.