फॉलोअर किती?

"विषय छान आहे हो, पण तुमचे फॉलोअर किती?" हे प्रकाशकांना पुस्तकं विकून देणाऱ्या आणखी एका एजंटनं विचारलं ना, तर लिहिणं सोडून मी नाचाचे व्हिडिओच टाकायला लागेन!

कादंबरीवाल्यांचं बरं असतं, पूर्ण कादंबरी लिहून एजंटच्या पुढ्यात ठेवता येते. कथेतर पुस्तकाचं आधी प्रपोजल. न लिहिलेल्या पुस्तकाचा सारांश, प्रकरणवार आराखडा, एक-दोन नमुना प्रकरणं, वाचक कोण, शिवाय खपाला तुम्ही स्वतः काय हातभार लावणार. आणि हो, मिळतीजुळती पुस्तकं कोणती? ती दाखवली तर "बाजार भरलाय", नाही दाखवली तर "मागणीच नाही". मग माणसानं करायचं काय, कपाळ?

एवढं करून पाठवायचं आणि वाट बघायची. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच, उत्तर आलं नाही तर नकार समजावा. एका ओळीचा नकार लिहायला असा किती वेळ लागतो?

झटपट उत्तर आलं ते एकाचंच, 'वाचनशुल्क' मागणाऱ्याचं. अहो, खरा एजंट कमावतो तो पुस्तक विकलं गेल्यावर, सहसा १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०च्या आसपास. वाचायचेच पैसे मागणारा कसला एजंट! हे सगळं ठाऊक असूनही त्याच्या मेलमधलं 'अप्रतिम हस्तलिखित' वाचून दोन मिनिटं मी हुरळले, कबूल आहे.

हस्तलिखित मी पाठवलंच नव्हतं.