किल्ल्यांवरचा वाद आणि विकले जाणारे वाडे

सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील २५ किल्ले दीर्घ मुदतीच्या कराराने खासगी व्यावसायिकांना देऊन तेथे हॉटेले काढू देण्याचा सरकारचा विचार असल्याची बातमी आली, तेव्हा सीमाभागातला मराठी माणूसही खवळला होता. शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेले संरक्षित किल्ले या योजनेत नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला आणि वाद शमला. रायगडावर लग्नाचा मांडव पडू नये, हे माझेही मत आहे. तथापि त्या वादाने एक सवय आपल्या अंगी भिनवली. वारसा आणि हॉटेल हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपण चर्चेचे दारच लावून घेतो. मालकी कोणाकडे राहणार, दुरुस्ती कोण आणि कशाने करणार, सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येणार की नाही, या प्रश्नांपर्यंत आपण पोहोचत नाही. ज्या इमारतींच्या बाबतीत हे प्रश्न खरोखर विचारायला हवेत, ते बेळगाव जिल्ह्यातले वाडे आणि बंगले मात्र कोणाचीही निषेध सभा न होता एकेक करून नाहीसे होत आहेत.

नोकरीच्या निमित्ताने मी उत्तर स्पेनमधल्या लेओन शहरात राहतो. येथे नदीकाठी सान मार्कोस नावाची इमारत आहे. सांतियागो या लष्करी धर्मसंघाचा हा मठ. सोळाव्या शतकात सुरू झालेल्या त्याच्या दर्शनी भिंतीवर कोनाडे, मुखवटे, पदके आणि यात्रेकरूंची खूण असलेले शिंपले असे कोरीवकाम आहे की डोळा ठरत नाही. आज तेथे हॉटेल आहे आणि ते सरकारी आहे. स्पेनमध्ये अशा हॉटेलांना ‘पारादोर’ म्हणतात. पहिले पारादोर १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात उघडले. ती वास्तू त्यासाठीच नवी बांधलेली होती. पुढे किल्ले, मठ, सरदारांचे प्रासाद यांची डागडुजी करून त्यांत प्रवाशांची सोय करायची, हा मार्ग रुळला आणि आज देशभर शंभराच्या आसपास पारादोर आहेत. चालवणारी कंपनी संपूर्णपणे सरकारच्या मालकीची आहे. भिंतींवरची चित्रे, जुनी कपाटे, गालिचे, लाकडी मूर्ती या सगळ्यांचा मिळून एक मोठा सार्वजनिक कलासंग्रह आहे. खोली घेणे परवडत नसले तरी एक कॉफी मागवून आत बसता येते. माझ्यासारखा मध्यमवर्गीय परदेशी माणूस असे करतो तेव्हा कोणी हटकत नाही.

सांतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रातले पारादोर तर मुळातच प्रवाशांसाठी बांधलेले आहे. फर्नांदो आणि इसाबेल या राजाराणीने १४९९ मध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय बांधण्याचा हुकूम दिला. एन्रिके एगास या वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला, चार चौक असलेली भव्य इमारत उभी राहिली आणि १९५४ मध्ये तिचे हॉटेल झाले. पायी यात्रा पुरी करून येणाऱ्या दिवसाच्या पहिल्या दहा यात्रेकरूंना तेथे फुकट जेवण देण्याची प्रथा पाळली जाते. त्यांना मुख्य भोजनगृहात बसवत नाहीत, हेही खरे. पण इमारत कोणासाठी बांधली होती, याची आठवण व्यवस्थापनाला रोज ठेवावी लागते.

हे सगळे वाचून तिकडे सर्व आलबेल आहे, असे कोणी समजू नये. सान मार्कोसमध्ये सतराव्या शतकात केवेदो हा थोर कवी जवळपास चार वर्षे कैदेत होता, हे मार्गदर्शक आवर्जून सांगतात. त्याच भिंतींआड १९३६ पासून यादवी युद्धाच्या काळात छळछावणी होती आणि हजारो कैदी तेथे डांबले गेले, हे मात्र १९६० च्या दशकात हॉटेल झाले तेव्हा उघड बोलण्याची सोयच नव्हती. ज्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने छावणी चालवली, त्याच्याच राजवटीत तेथे पंचतारांकित पलंग मांडले गेले. गालिच्यांनी आणि झुंबरांनी इतिहासाचा नकोसा भाग झाकता येतो, ही हॉटेलाची खरी ताकद आहे आणि खरा धोकाही.

आपल्या वाड्यांनाही ही गोष्ट लागू पडते. देसाई-इनामदारांच्या वाड्यात दिंडी दरवाजातून कोण आत येई, ओसरीपर्यंत कोण, सोप्यावर कोण बसे आणि माजघराचा उंबरा कोणाला कधीच ओलांडता आला नाही, हे सर्व त्या वास्तूच्या मांडणीतच लिहिलेले आहे. उद्या तेथे हॉटेल झाले आणि पाहुण्याला फक्त तांब्या-पितळेची भांडी, पैठणी नेसलेली स्वागतिका आणि ‘राजेशाही थाळी’ दाखवली गेली, तर ते जतन अर्धवट ठरेल. बेळगावच्या कँपातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, बंगल्याच्या मागे असलेली नोकरांच्या खोल्यांची रांग पाडून पोहण्याचा तलाव केला, तरी तेच.

तरीही मी हॉटेलाच्या बाजूने का बोलतो, ते सांगण्यासाठी वाड्यांच्या पडझडीची कारणे पाहावी लागतील. वाडा जमिनीच्या उत्पन्नावर उभा होता. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १९४८ चा कूळकायदा, मग इनामे रद्द होणे आणि कर्नाटकात १९७४ पासून अमलात आलेली जमीन सुधारणा, यांमुळे कुळांना त्यांच्या कष्टाची जमीन मिळाली. हे न्याय्यच झाले, पण दरवर्षी कौले चाळायला लागणारा पैसा त्याबरोबर गेला. राहिला वाडा आणि त्याचे वारस, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत आणि काही माझ्यासारखे समुद्रापार. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावे वाढत जातात, एकाचे दुसऱ्याशी पटत नाही आणि पावसाळे मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

कँपातल्या बंगल्यांची अडचण निराळी आहे. देशभरातल्या छावण्यांप्रमाणे येथेही ‘ओल्ड ग्रँट’चा प्रकार आहे, म्हणजे जमीन संरक्षण खात्याची आणि वरचे बांधकाम तेवढे धारकाचे. सरकार थोड्या मुदतीच्या नोटिशीवर जागा परत घेऊ शकते, वापर बदलायचा तर परवानगी हवी, कर्ज मिळणे कठीण. अशा घरावर कोण मनापासून खर्च करील? जांभ्या दगडाच्या जाड भिंती, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, उंच छत आणि मंगलोरी कौले असलेले हे बंगले आपल्या पावसाला आणि उन्हाळ्याला किती अचूक उत्तर होते, हे कळण्यासाठी मे महिन्यात नव्या काचेच्या इमारतीत तासभर वीज जावी लागते.

आणि वाडा पडतो तेव्हा तो सगळाच मातीत जात नाही. पाडणाऱ्याच्या आधी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. तो भिंतीकडे पाहतही नाही. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, सोडून खांब काढला जातो, त्यावरचा पोपटाच्या चोचीसारखा वळलेला हस्त वेगळा, तुळई वेगळी, कडीपाटाच्या सागवानी कड्या घनफुटाच्या भावाने वेगळ्या. गणेशपट्टी असलेली चौकट सर्वांत आधी खपते. गोव्याच्या किनाऱ्यावरील एका उपाहारगृहात मी असाच एक खांब पाहिला. छताला त्याचा काही आधार नव्हता, तो नुसता उभा केलेला होता. वरच्या टोकाला कुसू (सांध्याचे लाकडी टोक) बसण्याची खाच उघडी होती आणि तिच्यात दिवा बसवला होता. भोवतालचे प्रवासी त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढत होते. वारशाचे हॉटेल आपण होऊ दिले नाही, तरी वारसा हॉटेलात जायचा थांबत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी, गावाचे नाव पुसून जातो.

ज्यांनी अखंड वास्तू राखल्या, त्यांची उदाहरणे आपल्या देशात पुष्कळ आहेत. उदयपूरच्या पिछोला सरोवरातला अठराव्या शतकातला जगनिवास महाल १९६० च्या दशकातच हॉटेल झाला आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर राजस्थानातल्या इतरांनीही तोच रस्ता धरला. आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण सावंतवाडीचे आहे. आंबोलीचा घाट उतरला की तासाभराच्या आत आपण त्या राजवाड्याशी असतो. तेथील राजघराण्याने गंजिफांची (हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची) चित्रकला आणि लाखकाम मरणपंथाला लागले असताना कारागिरांना वाड्यातच बसवून ते जगवले; आता आवारात मोजक्या खोल्यांचे हॉटेल आहे आणि खोल्यांची सजावटही गंजिफांच्या चित्रांवर बेतलेली आहे. उलट कोल्हापुरात रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचे १९८७ मध्ये हॉटेल झाले आणि पुढे ते बंद पडले. मला वाटते, फरक पडतो तो इमारतीत काही जिवंत काम चालू आहे की नाही, यावर. नुसत्या खोल्या भाड्याने देऊन जुन्या इमारतीचा देखभालीचा खर्च निघणे अवघड असते.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज हॉटेल वर्गवारीत १९५० पूर्वीची वास्तू बसू शकते आणि अगदी थोड्या खोल्यांची वास्तूही चालते. म्हणजे राजवाडाच हवा असे नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी या पट्ट्यातला तंबाखूच्या किंवा गुळाच्या व्यापाऱ्याचा दोन चौकी वाडा त्या मापात सहज बसेल. हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ, देगावचे कमलनारायण मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातली तेराव्या शतकाच्या आरंभीची कमल बस्ती (जैन मंदिर), गोकाकचा धबधबा आणि कित्तूर पाहायला येणारा प्रवासी आज बेळगावच्या महामार्गालगतच्या, कुठल्याही शहरात शोभेल अशा लॉजमध्ये रात्र काढतो आणि सकाळी गोव्याला निघून जातो.

येथे भाषेचा प्रश्न टाळता येणार नाही. २००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याने पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे झाले आहे आणि बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये एका आठवड्यात दोन पक्षांनी दोनदा अनावरण केले. पुतळ्याला दोन अनावरणे मिळाली. आमच्या गल्लीतल्या वाड्याला एक ताडपत्री मिळाली नाही. पाटीवरच्या मराठीसाठी आपण झगडतो ते योग्यच आहे आणि परदेशात बसून त्या झगड्याला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण वाड्यांपुढे हा वाद थोडा खजील होतो. या भागात लिंगायत देसायांच्या घरातही मोडी लिपीतली दफ्तरे सापडतात, आणि मराठा घरातली म्हातारी माणसे कन्नड लीलया बोलतात. अशा घरात हॉटेल झाले, तर तेथली माहिती दोन्ही भाषांत असणे, ही करारातली अट असावी. ती कोणावर उपकार म्हणून नको, वास्तूचा इतिहास तसा आहे म्हणून हवी. स्पेनच्या गॅलिसिया प्रदेशात, सांतियागोच्या त्या रुग्णालयाचे नावच स्थानिक गॅलिशियन भाषेत लिहिले जाते आणि त्यामुळे स्पेनचे काही बिघडलेले नाही.

दुसरी अट मला भाषेइतकीच महत्त्वाची वाटते, ती दुरुस्तीच्या साहित्याची. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार फुगून गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोके कुजतात. बाहेरून वाडा चकचकीत दिसतो, आतून पोखरत जातो. घाण्यात मळलेला चुना, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालण्याची रीत ज्यांच्या हाताला ठाऊक होती, असे गवंडी आता शोधावे लागतात. खानापूरला कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे, कौलांची परंपरा आहे, म्हणजे मातीचे कसब अजून संपलेले नाही. दोन-चार वास्तूंचे काम नियमाने चुन्यातच करायचे ठरले, तर या लोकांना सलग मजुरी मिळेल आणि मुलगा बापाचे काम शिकेल.

सुरुवात किल्ल्यांपासून तर नकोच, खासगी वाड्यांपासूनही नको. सरकारने ती स्वतःच्या घरापासून करावी. आपण ज्यांना नुसते ‘आयबी’ म्हणतो, ते ब्रिटिश काळापासूनचे तपासणी बंगले तालुक्याच्या गावी आणि जंगलाच्या कडेला उभे आहेत. मालकी सरकारची, वारस नाहीत, वाटणीचा वाद नाही. साहेब किंवा आमदार येणार असतील तेव्हा चादरी बदलल्या जातात, एरवी कुलूप असते आणि सामान्य प्रवाशाला खोली मिळवायची तर ओळख काढावी लागते. यांतले चार बंगले चुन्याने दुरुस्त करून, आत खानापूरची मातीची भांडी आणि गोकाकची लाकडी खेळणी ठेवून, सर्वांना एकाच दराने खुले करावेत आणि ते विकू किंवा नव्याण्णव वर्षांच्या कराराने कोणाच्या घशात घालू नयेत. ते नीट चालले तर त्याच अटींचा मसुदा वाड्यांच्या मालकांपुढे ठेवता येईल: मालकी घराण्याकडे, करार मर्यादित मुदतीचा, आठवड्यातला एक दिवस गावकऱ्यांना मोफत प्रवेश आणि कोरीव लाकूड वास्तूबाहेर नेण्यास मनाई.

त्याआधी एक काम मात्र आजच हाती घ्यायला हवे आणि त्याला सरकारी निधीही फारसा लागणार नाही. बेळगावात वास्तुकला शिकवणारी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी उभ्या असलेल्या प्रत्येक वाड्याचे मोजमाप घेऊन नकाशा, चौकटींची रेखाटने आणि खांबांची यादी करून ठेवावी. हे वाटणीचा दावा दाखल होण्याआधीच व्हायला हवे, कारण एकदा प्रकरण कोर्टात गेले की चुलत भाऊ एकमेकांना आत घेत नाहीत, तेथे मोजपट्टी घेऊन आलेल्या परक्या पोराला कोण घेणार?