अनोळखी व्यक्ती दारात आहे

दारात उभा राहून मी किल्ली शोधत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ‘तुमच्या दारात अनोळखी व्यक्ती आहे.’ मी दचकून मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग फोनवर क्लिप उघडली, तर त्यात एक माणूस दचकून मागे वळून पाहत होता.

चेहरे ओळखणारा हा कॅमेरा मीच पसंत केला, मीच भिंतीला भोकं पाडून बसवला. एक भोक चुकलं, तिथे नावाची पाटी सरकवली. आणि पहिल्या दिवसापासून घरातला एकच माणूस त्याच्या ओळखीचा नाही, तो म्हणजे पाटीवर ज्याचं नाव आहे तो. बायको आली की तिचं नाव झळकतं, मुलगा आला की त्याचं. दोन महिन्यांतून एकदा उगवणारे माझे मेहुणे आले तरी फोन लगबगीने सांगतो, ‘दादा आले आहेत.’ (ॲपमध्ये नावं बायकोने भरली आहेत.)

मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने आधी बंद करून चालू करायला लावलं, मग फर्मवेअर अपडेट करायला लावलं, आणि शेवटी अगदी अदबीने विचारलं, “सर, चेहरा नीट आहे ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे फोटोत, सर. नोंदणीच्या.”

नोंदणीला मी ओळखपत्रावरचा फोटो दिला होता. बारा वर्षांपूर्वीचा. त्यात मला केस आहेत.

आता खोलात शिरणं भाग होतं. असला कॅमेरा आधी चित्रात चेहरा कुठे आहे ते हुडकतो, डोळे-नाक-तोंडाच्या जागा पाहून तो सरळ करून घेतो आणि मग त्या चेहऱ्याची आकड्यांची एक माळ करतो. दोन माळा पुरेशा जवळ आल्या की माणूस एकच. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी फेसनेट नावाची पद्धत मांडली, तिच्यात ही माळ १२८ आकड्यांची होती. म्हणजे आपलं अख्खं थोबाड १२८ आकड्यांत आटोपतं. दोन फोटो एकाच माणसाचे की वेगवेगळ्यांचे, हे सांगायच्या एका गाजलेल्या चाचणीत त्या पद्धतीने ९९.६३ टक्के अचूक उत्तरं दिली. उरलेले ०.३७ टक्के कोण असावेत, याचा मला साधारण अंदाज आहे.

माळा किती जवळ आल्या म्हणजे ‘एकच’ म्हणायचं, ते ठरवणारी एक पट्टी ॲपमध्ये सापडली. मी ती सैल केली. त्या संध्याकाळी ‘दादा आले आहेत’ असा संदेश चार वेळा आला. एकदा बायको आली होती, ते एक वेळ ठीक, बहीण-भाऊ आहेत. एकदा मुलगा आला होता, त्यालाही आजोळची बाजू आहे म्हणू. उरलेल्या दोन्ही वेळा मी होतो. बायकोच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसल्यासारखं वाटलं, म्हणून पट्टी तातडीने पूर्ववत केली.

मग स्टुलावर चढून पाहिलं. काचेवर बोटाचा एक ठसा होता, माझाच. आणि कडेपासून खालच्या स्क्रूपर्यंत कोळ्याचा एकच धागा, दिवसा दिसणारही नाही इतका बारीक. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तोच धागा चित्रात पांढऱ्याफेक दोरखंडासारखा आडवा दिसायचा. त्या दिव्यांत सगळं कृष्णधवल होतं आणि माझ्या चष्म्याच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या उरतात. धागा काढला, काच पुसली, चष्मा खिशात ठेवला आणि रात्री साडेअकराला चाचणी सुरू केली. बाहेर जायचं, चार पावलं चालत यायचं, मान वर, मान डावीकडे, मान उजवीकडे, हसायचं, परत बाहेर. सातव्या फेरीला समोरचे काका दार उघडून उभे राहिले. बराच वेळ पाहून हळूच म्हणाले, “वहिनी चिडल्यात का? आमच्याकडे बाहेरच्या खोलीत गादी घालतो हवं तर.”

खरा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. चोराचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा मी नऊ फुटांवर ठोकला होता. ‘अनोळखी’च्या यादीत माझे चाळीसएक फोटो होते आणि त्या चाळीसांत एकच गोष्ट स्पष्ट होती : टक्कल. या कोनातून मी स्वतःला जन्मात पाहिलं नव्हतं. मी खाली मान घालून घरी येतो. मेहुणे नाक वर करून चालतात. त्यांच्या त्या चालीचा जगात कोणाला तरी उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या यादीतल्या एका फोटोबद्दल ॲपला शंका होती. त्याने तो माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोशेजारी ठेवून विचारलं, ‘या दोन व्यक्ती एकच आहेत का?’ फोन बायकोच्या हातात होता. तिने दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले, लहान करून पाहिले आणि ‘नाही’ दाबलं.

“अगं, दोन्ही मीच आहे!”

“अहो, पण डावीकडचा हसतोय.”

शेवटी कॅमेरा साडेपाच फुटांवर उतरवला. ताजे फोटो घातले : समोरून, दोन्ही बाजूंनी, चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय. जुना काढून टाकला. काढताना क्षणभर बोट अडलं, पण काढला. आता मी आलो की नाव येतं, वेळेसकट, आणि तेही बायकोच्या फोनवर. याचा विचार आधी करायला हवा होता, पण ते असो.

काल मेहुणे आले. खालून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला त्यांची हनुवटी आणि दोन प्रशस्त नाकपुड्या दिसल्या. ‘तुमच्या दारात अनोळखी व्यक्ती आहे.’ तो संदेश मी त्यांना वाचून दाखवला. दोनदा.

बायको म्हणते, कॅमेरा पुन्हा वर चढवा. ड्रिल बिघडलंय, असं मी तिला सांगितलंय.