पिशवी नको, तोडायलाच या

घरच्या बागेत माल उतू जाऊ लागला की तो पिशव्यांत भरून मित्रमंडळींच्या दारी पोहोचवण्याची रीत मला फारशी पटत नाही. देणाऱ्याची भावना चांगलीच असते; पण घेणारा ती पिशवी फ्रिजमध्ये सारतो, दोन-तीन दिवसांनी आठवण झाली की बाहेर काढतो आणि ज्या चवीसाठी एवढी मेहनत घेतली ती त्याच्या जिभेपर्यंत पोहोचतच नाही. गोड मक्याचेच पाहा. कणीस खुडले की त्यातील साखरेचे स्टार्च होऊ लागते आणि जुन्या वाणाचे कणीस ३० अंश सेल्सिअसच्या उकाड्यात पडून राहिले, तर एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर नाहीशी होते. मटाराची गतही तीच. टोमॅटो सुमारे १२ अंशांखाली ठेवला की त्याचा सुवास घडवणारी द्रव्ये तयार होणे मंदावते; म्हणून तो उन्हाची ऊब अंगात असतानाच, देठाचा उग्र हिरवट वास बोटांना लागलेला असताना, मित्रांसोबत वाफ्याशेजारी उभ्याउभ्या खावा.

न लावता उगवणारी घोळ मला याहूनही प्रिय आहे. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्ल साठवते आणि दिवसा ते वापरते. त्यामुळे एकाच रोपाची पाने सकाळी आंबट, तर संध्याकाळी सौम्य लागतात. हा फरक दाखवण्यासाठी मित्रांना दिवसभर थांबवून घ्यावे लागते, याबद्दल अद्याप कुणी कुरकुर केलेली नाही. मात्र घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी दुधाळ चिकाची विषारी रोपे तिच्याच शेजारी वाढतात, तेव्हा प्रत्येक काडी मोडून पाहावी आणि पांढरा चीक दिसला तर ती टाकून द्यावी. रानातल्या अळिंब्यांसाठी मात्र मी कुणाला बोलावत नाही आणि कुणी बोलावल्यास जातही नाही. काही प्राणघातक जातींचे विष शिजवूनही जात नाही आणि लक्षणे दिसेपर्यंत बहुधा ६ ते १२ तास उलटलेले असतात.

मैत्रीत खरा धोका अज्ञानापेक्षा भिडेचा असतो, आणि भीड ही भिकेची बहीण, असे उगीच म्हणत नाहीत. घरच्या दुधीला किंवा काकडीला कधीकधी जहाल कडूपणा येतो. तो कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांमुळे असतो आणि शिजवल्याने जात नाही. यजमानाने हौसेने पिकवले आहे म्हणून असा घास गिळणाऱ्यांची मला कमाल वाटते. मी तो सरळ थुंकतो आणि यजमानालाही तुकडा चाखायला लावतो; तोही थुंकतो आणि मग आम्ही दोघे मिळून दुसऱ्या भाजीच्या शोधात बागेत उतरतो.